मदत हवी आहे: जुनी मासेराती क्वात्रोपोर्ते घ्यावी का?

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडमध्ये, रेडिंगला राहतो. काल 2005 ची क्वात्रोपोर्ते पाहून आलो. 4.2 लिटरचं व्ही-8, जवळपास 400 हॉर्सपॉवर. इंजिन सुरू झालं आणि अंगावर काटाच आला! पण गिअरबॉक्स ड्युओसिलेक्ट आहे, म्हणजे क्लच यंत्रच दाबतं. रिव्हर्स घेताना गाडी हिसके देत होती, करपल्यासारखा वासही आला. मालक म्हणतो क्लच गेल्या वर्षीच बदललाय, पण पावती काही दाखवत नाही.

कॉम्प्युटर जोडला की क्लच किती झिजलाय ते कळतं. आधी ते तपासूनच पुढे बोलू ना? की सरळ 2007 नंतरची, झेडएफ कंपनीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेली क्वात्रोपोर्ते शोधू? कोणी वापरली असेल तर क्लच किती मैल टिकला तेही सांगा. शनिवारपर्यंत त्याला कळवायचंय.