विंशोत्तरी: राहू महादशेची तारीख जुळत नाही

विंशोत्तरीत (जन्मवेळच्या चंद्राच्या नक्षत्रावरून ग्रहांच्या महादशा, म्हणजे कालखंड, मोजायची ज्योतिषातली पद्धत) अडलोय. जन्मवेळी चंद्र वृषभेत १५°, नक्षत्र रोहिणी. शिल्लक चंद्रदशा ६ वर्षे ३ महिने, दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये तीच. मग राहू लागण्याच्या तारखेत ७० दिवसांचा फरक कसा?

— शिल्लक बरोबर आहे: रोहिणीच्या ८०० कलांपैकी (कला म्हणजे अंशाचा ६०वा भाग) ५०० उरल्या, पूर्ण चंद्रदशा १० वर्षांची, म्हणून १० × ५०० ÷ ८०० = ६.२५. मधली मंगळाची ७ धरून राहूपर्यंत १३.२५ वर्षे. एकात ३६० दिवसांचं सावन वर्ष असणार, दुसऱ्यात ३६५.२५. ५.२५ × १३.२५ = ७० दिवस! सेटिंगमध्ये 'दशा वर्ष' बघा.

— शिल्लकच वेगळी असती तर अयनांश (सायन आणि निरयन राशिचक्रांतलं अंतर) तपासा म्हटलं असतं. लाहिरी आणि केपी या दोन अयनांशांत साधारण ६ कलांचा फरक, म्हणजे चंद्रदशेत २७ दिवस. २० वर्षांच्या शुक्रदशेत दुप्पट.

— आणि जन्मवेळ? १० मिनिटं चुकली तरी इथे २५ दिवस सरकतात. अंतर्दशेपुढे (महादशेतल्या पोटकालखंडाहून बारीक) तारखा काढताना जपून.