मदत हवी आहे : हवेची कळ बंद करूनही वुडस्टोव्ह तापत राहतो

नमस्कार. आम्ही अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात राहतो. घरातील बिडाचा वुडस्टोव्ह (लाकूड जाळून घर गरम करणारी बंद शेगडी) थंडीत प्रमाणाबाहेर तापतो, त्याबाबत अनुभवी सभासदांचा सल्ला हवा आहे.

स्टोव्ह धुरातील न जळलेले वायू वरच्या भागात पुन्हा जाळणाऱ्या नव्या पद्धतीचा आहे, आणि धुराडे दुमजली घराच्या आतूनच वर जात असल्याने त्याला ओढ (धूर वर खेचण्याचा जोर) भरपूर आहे. लाकूड मुख्यतः शुगर मेपल आणि बीचचे असून ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर मोजला असता ओलावा 20 टक्क्यांच्या आतच भरतो. मात्र बाहेर उणे 20 अंश सेल्सिअस असताना रात्री निखाऱ्यांवर सरपण भरून हवेची कळ पूर्ण बंद केली, तरी थोड्याच वेळात एकेरी पत्र्याच्या नळीवरचा तापमापक 245 अंशांची खूण ओलांडतो आणि स्टोव्हचा माथा 370 अंशांपर्यंत जातो. बीड अजून लाल झालेले नाही, परंतु आतली बॅफल प्लेट (ज्वाळा सरळ नळीत जाऊ न देणारी, आगीवरची आडवी प्लेट) मधोमध वाकलेली दिसते. विक्रेत्याने 'हे स्टोव्ह गरमच चालतात' एवढेच सांगितले. घरातील सगळे झोपलेले असताना हे घडते, म्हणून मला फार काळजी वाटते. नळीत डँपर (ओढ कमी करणारी झडप) बसवावा का? वाकलेल्या प्लेटसह स्टोव्ह वापरणे योग्य आहे का?

प्रतिसाद :

आपली काळजी रास्त आहे. या स्टोव्हमध्ये कळ बंद केली म्हणजे हवा थांबली असे होत नाही, कारण दुसऱ्या ज्वलनासाठीच्या हवेचा मार्ग बहुधा कायम उघडा ठेवलेला असतो. आणि बाहेर थंडी जितकी कडक तितकी धुराड्याची ओढ वाढत असल्याने, दाराच्या कडेला बारीकशी फट असली तरी तिच्यातूनही हवा आत खेचली जाते. राखेच्या खणाचे दार नीट बसत नसेल तर धोका सर्वांत मोठा, कारण हवा खालून थेट निखाऱ्यांत शिरते आणि भाता लावल्यासारखी आग भडकते. म्हणून स्टोव्ह पूर्ण थंड असताना दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ती ओढून पाहा. ती सहज निघाली, तर दाराची गॅस्केट दोरी (कडेची फट बंद करणारी उष्णतारोधक दोरी) बदलावी लागेल. ही तपासणी दाराच्या चारही बाजूंनी करावी.

दोरी ठीक निघाली तर धुराडे तपासणाऱ्या तंत्रज्ञाकडून मॅनोमीटरने (दाब मोजणाऱ्या उपकरणाने) ओढ मोजून घ्या आणि स्टोव्हच्या पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहा. डँपर त्यानंतरच, आणि पुस्तिकेत परवानगी असेल तरच बसवावा. प्लेट वाकून फट पडली असेल, तर ज्वाळा सरळ नळीत जातात. तशा स्थितीत ती बदलेपर्यंत स्टोव्ह पेटवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सरपण भरण्याच्या पद्धतीनेही बराच फरक पडतो. बारीक, कोरडी फाटी लाल निखाऱ्यांवर एकदम टाकली, तर सगळ्यांतून वायू एकाच वेळी सुटतात आणि नंतर कळ बंद करून उपयोग होत नाही. निखारे पुढे ओढून मागे जाड ओंडके दाटीने रचावेत, कळ लवकर आणि टप्प्याटप्प्याने मिटत न्यावी, आणि हे सर्व निजण्याच्या निदान तासभर आधी करावे, म्हणजे तापमान वर जाऊन उतरताना आपण जागे असू. तापलेल्या बिडावर पाणी कधीही टाकू नये, ते तडकते.

धुराड्याची तपासणी वर्षातून एकदा करून घ्यावीच. थंडावलेल्या धुरातून आत साचलेले क्रिओसोट (डांबरासारखा ज्वलनशील थर) पेटले तर तापमान 1100 अंशांपर्यंत जाऊ शकते. नळीतून घरघर ऐकू आली, तर दार न उघडता हवेचे मार्ग बंद करावेत, सर्वांनी घराबाहेर पडावे आणि 911 या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा.

आपल्या स्टोव्हला राखेचा वेगळा खण आहे का आणि धुराड्याची उंची किती आहे, हे कृपया कळवावे.