स्वप्नात भान येताच जाग येते: ल्युसिड ड्रीमिंगच्या सुरुवातीसाठी मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार.

आपण स्वप्न पाहत आहोत हे स्वप्न चालू असतानाच ओळखता येणे, म्हणजेच ल्युसिड ड्रीम, सरावाने साधू शकते असे वाचल्यापासून मी त्या दिशेने प्रयत्न करीत आहे. १९७५ साली इंग्लंडमध्ये कीथ हर्न यांनी, आणि त्यानंतर काही वर्षांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन लाबर्ज यांनी, झोपलेल्या व्यक्तीकडून आधी ठरवून ठेवलेल्या डोळ्यांच्या हालचालींची खूण मिळवली होती आणि ती खूण येत असताना उपकरणांवरील नोंदी रेम झोपेच्याच, म्हणजे डोळ्यांची जलद हालचाल होते आणि ठळक स्वप्ने पडतात त्या टप्प्याच्याच, होत्या. त्यामुळे ‘असे खरोखर घडते का’ या चर्चेत हा धागा अडकू नये, अशी विनंती आहे.

स्वप्नांची वही मी नियमाने लिहिते आणि बहुतेक सकाळी निदान एक स्वप्न तपशिलासह आठवते. खरी अडचण पुढे सुरू होते. दिवसा अधूनमधून बोटे मोजणे, एखादा मजकूर वाचून नजर हटवणे व पुन्हा वाचणे, नाक चिमटीत धरून श्वास घेऊन पाहणे अशा रिअ‍ॅलिटी चेकच्या, म्हणजे आपण जागे आहोत की स्वप्नात हे तपासण्याच्या, कृती मी करते, पण त्या आता जपमाळ ओढल्यासारख्या होऊ लागल्या आहेत. एका स्वप्नात तर मी बोटे मोजली, ती जास्त भरली, आणि ‘थंडीत असे होत असावे’ असे स्वतःला समजावून मी पुढे चालू लागले!

क्वचित भान आलेच, तर त्या आनंदाने काही क्षणांत जाग येते. पहाटे गजर लावून उठायचे आणि पुन्हा झोपायचे, ही पद्धतही करून पाहिली. परंतु उठल्यावर झोप उडते आणि दुसऱ्या दिवशी कामावर डोळे जड होतात. या परिस्थितीत नेमके काय बदलावे? गॅलँटामाइनच्या गोळ्यांविषयीही बरेच वाचनात येते. त्या घेणे योग्य आहे का? शिवाय स्लीप पॅरालिसिसची, म्हणजे जाग येऊनही शरीर हलवता न येण्याची, मला मनातून भीती वाटते, तेव्हा त्याविषयीही जाणकारांनी लिहावे.

पहिले उत्तर

आपली स्वप्ने आठवतात, म्हणजे पाया तयार आहे. बोटांच्या प्रसंगातून एक गोष्ट स्पष्ट होते की, चाचणी करण्याची सवय स्वप्नात पोहोचली, पण तिच्यामागची शंका पोहोचली नाही. रेम झोपेत मेंदूच्या पुढच्या भागातील, तर्क व पडताळणीशी संबंधित क्षेत्रे मंदावलेली असतात, म्हणून कितीही विसंगत गोष्ट समोर आली तरी तिचे काहीतरी समर्थन मन तयार करते. तेव्हा चाचण्यांची संख्या कमी करा आणि प्रत्येक वेळी थोडे थांबून स्वतःला विचारा: मी येथे कशी आले? याच्या आधी मी कोठे होते? जागेपणी या प्रश्नांची उत्तरे सलग मिळतात, तर स्वप्नात मागचा धागा बहुधा सापडत नाही. शिवाय आपल्या वहीत वारंवार येणाऱ्या गोष्टी शोधा, मग ती जुनी शाळा असो, हुकलेली गाडी असो किंवा हयात नसलेले नातेवाईक असोत. जागेपणी त्यांच्याशी संबंधित काहीही समोर आले की तोच चाचणीचा क्षण समजा, कारण घड्याळ पाहून केलेल्या चाचणीपेक्षा ती स्वप्नात उतरण्याची शक्यता अधिक आहे, असे माझे मत आहे.

माझ्या मते आपला मुख्य भर लाबर्ज यांच्या माइल्ड (MILD) नावाच्या पद्धतीवर असावा. हा खरे तर स्मरणाचा व्यायाम आहे, ‘बाजारात गेल्यावर अमुक आणायचे’ हे लक्षात ठेवावे त्या जातीचा. रात्री जाग आली की नुकतेच पडलेले स्वप्न आठवायचे, त्यातील कोणत्या विसंगतीवरून ते स्वप्न आहे हे ओळखता आले असते ते ठरवायचे, मग त्याच स्वप्नात परत गेल्याची आणि या वेळी ती विसंगती ओळखल्याची कल्पना करायची, आणि ‘पुढच्या वेळी स्वप्न पडेल तेव्हा ते स्वप्न आहे हे मला आठवेल’ हा संकल्प अर्थाकडे लक्ष देत डोळा लागेपर्यंत म्हणत राहायचे. केवळ शब्द घोकण्याने काही होत नाही.

वेळही महत्त्वाची आहे. झोपेचे एक चक्र साधारण ९० मिनिटांचे असते आणि रेमचा टप्पा पहाटेकडे लांबत जातो, म्हणून हा सराव सुमारे पाच तासांच्या झोपेनंतर करावा. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, डेनहॉम अ‍ॅस्पी यांच्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात रिअ‍ॅलिटी चेक, पहाटे उठणे आणि माइल्ड यांचा एकत्र सराव करणाऱ्यांना आठवडाभरात सुमारे १७ टक्के रात्री यश आले. माइल्ड संपवून पाच मिनिटांत झोपी गेलेल्यांच्या बाबतीत हे प्रमाण ४६ टक्क्यांच्या आसपास होते. आपली झोप उडते, तेव्हा दिवा लावू नका, मोबाइल हातात घेऊ नका, आणि अंथरुणातच दोन-चार मिनिटांत सराव आटोपून झोपा.

भान आल्यावर लगेच उडण्याच्या किंवा दृश्य बदलण्याच्या मागे लागू नका. स्वप्नातील तळहात एकमेकांवर घासा, जवळच्या वस्तूचा पोत पाहा, पायांखालची जमीन जाणवू द्या. लक्ष स्वप्नातील स्पर्शात गुंतले की ते अंथरुणातील शरीराकडे वळत नाही. तरीही जाग आलीच, तर लगेच उठू नका, आधी एक चाचणी करा. पुष्कळदा ती जागही स्वप्नातलीच असते.

दुसरे उत्तर

वरील उत्तराशी सहमत आहे. गोळ्या आणि भीती यांबद्दल थोडे लिहितो. गॅलँटामाइन हे अल्झायमरच्या रुग्णांना दिले जाणारे औषध आहे. सजग स्वप्नांचे प्रमाण त्याने वाढल्याचे प्रयोगात दिसले आहे, परंतु मळमळ होणे, हृदयाचे ठोके मंदावणे असे त्याचे दुष्परिणाम आहेत, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ते घेऊ नये. नवशिक्याला त्याची गरजही नाही.

स्लीप पॅरालिसिसमध्ये रेम झोपेतील स्नायूंची शिथिलता जाग आल्यावरही काही क्षण टिकून राहते. छातीवर दडपण आल्यासारखे वाटते, कोणीतरी खोलीत असल्याचा भास होतो, आणि साधारणपणे काही सेकंदांत किंवा एक-दोन मिनिटांत ते आपोआप ओसरते. अपुरी झोप आणि उताणे झोपणे यांमुळे ते अधिक संभवते, म्हणून कुशीवर झोपावे. मात्र भ्रम किंवा वास्तवापासून तुटल्यासारखे वाटणे असा त्रास कोणाला पूर्वी झाला असेल, तर त्यांनी या सरावापासून दूर राहावे.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही आभार. कामाच्या दिवसांत गजर पूर्ण बंद ठेवून केवळ सुट्टीच्या आदल्या रात्री हा सराव केला तर चालेल का, की खंड पडल्याने तो वाया जाईल?

पहिले उत्तर देणारे

चालेल, आणि आपल्यासाठी तेच योग्य राहील. इतर रात्री गजर नको. पहाटे आपोआप जाग आली तर कूस बदलण्यापूर्वी स्वप्न आठवा, संकल्प म्हणा आणि झोपी जा. स्वप्नवही मात्र रोज लिहा, कारण भान आलेले स्वप्नही सकाळी विसरले जाऊ शकते.