मदत हवी आहे: 'लाइव्ह अ लाइव्ह'मध्ये एदो काळातील निन्जा आणि चीनमधील तीन शिष्य यांच्यापाशी अडकले आहे

नमस्कार मंडळी,

गेले दोन महिने मी आणि माझी बारा वर्षांची भाची मिळून 'लाइव्ह अ लाइव्ह' हा व्हिडिओ गेम निन्टेंडोच्या स्विच या खेळयंत्रावर खेळत आहोत. आता आम्ही अशा ठिकाणी येऊन थांबलो आहोत की, पुढचे पाऊल टाकण्याआधी ज्यांनी हा खेळ शेवटपर्यंत खेळला आहे अशा कोणाचा तरी सल्ला घ्यावासा वाटतो. प्रश्न तीन आहेत, पण त्यांच्या मुळाशी एकच शंका आहे. आज एका प्रकरणात घेतलेला निर्णय पुढे कुठे आणि कसा भोवतो?

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देते. स्क्वेअर कंपनीने १९९४ साली तो निन्टेंडोच्या सुपर फॅमिकॉम या जुन्या खेळयंत्रासाठी काढला. दिग्दर्शन ताकाशी तोकिता यांचे आणि संगीत योको शिमोमुरा यांचे होते. जपानबाहेर तो अधिकृतपणे कधी पोहोचलाच नव्हता. जुलै २०२२ मध्ये त्याची नवी आवृत्ती स्विचवर आली आणि पुढच्या वर्षी ती प्लेस्टेशनवर व संगणकावरही उपलब्ध झाली. सात वेगवेगळ्या काळांत घडणाऱ्या सात कथा हव्या त्या क्रमाने खेळता येतात आणि त्यांतील पात्रांची चित्रेही वेगवेगळ्या मांगा (जपानी चित्रकथा) चित्रकारांनी रेखाटलेली आहेत. एदो काळातील (सामुराईंच्या जुन्या जपानमधील) प्रकरणाची पात्रे 'डिटेक्टिव्ह कोनन'चे चित्रकार गोशो आओयामा यांची आहेत, हे समजल्यावर भाचीने सर्वांत आधी तेच प्रकरण उघडायचा हट्ट धरला होता. मी मात्र ते मागे ठेवले आणि आता तेच आमच्या गळ्याशी आले आहे.

लढाईची चौकट सगळीकडे एकच आहे. सात गुणिले सात घरांचा पट असतो, आपण हललो किंवा वार केला की तेवढाच वेळ पुढे सरकतो आणि शत्रूची पाळी दाखवणारी पट्टीही त्याच वेळी भरत जाते. परंतु प्रत्येक कथा ही चौकट इतक्या निराळ्या रीतीने वापरते की, दर वेळी नवाच खेळ हातात घेतल्यासारखे वाटते. अश्मयुगातील पोगोच्या कथेत एकही शब्द बोलला जात नाही, आणि तरीही आम्हाला सगळे समजले. दूरच्या भविष्यातील क्यूब नावाच्या छोट्या यंत्रमानवाच्या कथेत जवळजवळ लढाईच नाही. अंतराळयानाच्या बोळांतून जीव मुठीत धरून फिरावे लागते, एवढेच. पश्चिमेकडील सनडाउन किडच्या कथेत घंटेचा आठवा टोल पडायच्या आत गावकऱ्यांच्या हातून सापळे लावून घ्यायचे असतात, आणि जेवढे सापळे साधतील तेवढे दरोडेखोर समोरासमोरच्या लढाईत कमी उरतात. ही संध्याकाळ आम्हा दोघींच्या कायम लक्षात राहील. या तीन कथा आणि नजीकच्या भविष्यातील अकिराची कथा आम्ही पूर्ण केली आहे.

आता अडचणी सांगते.

पहिली अडचण एदो काळातील ओबोरोमारू या निन्जाची आहे. ओदे इओउच्या वाड्यात शिरून एका कैद्याला सोडवायचे आहे आणि वाटेत ठार झालेल्या माणसांची मोजदाद खेळ ठेवतो. एकालाही न मारता किंवा संपूर्ण शंभर जणांना मारून, अशा दोन टोकांच्या वाटांनी हे प्रकरण पार करता येते, एवढे मला ठाऊक आहे. भाचीसोबत खेळत असल्यामुळे मला शून्याचीच वाट धरायची आहे आणि ती मनापासून धरायची आहे. परंतु लढायाच टाळल्या तर ओबोरोमारूची पातळी (लढायांच्या अनुभवाने वाढणारी ताकद) वाढत नाही, आणि वाड्याच्या वरच्या मजल्यांवर आम्ही तीन वेळा सपाटून हरलो. माणसाला न मारता बळ कसे कमवावे?

दुसरी अडचण मला अधिक छळते आहे. चीनमधील कथेत एक वृद्ध गुरू आपली विद्या सोपवण्यासाठी वारस शोधतात. बांबूच्या वनात वाटमारी करणारी लेइ कुगो, पोटासाठी खिसे कापणारा युन जोउ आणि पैसे न देता खानावळीत आडवा हात मारणारा हाँग हाक्का असे तिघे त्यांना भेटतात. या तिघांना तालीम देण्याच्या फेऱ्या मर्यादित आहेत. मी आतापर्यंत काटेकोरपणे तिघांना सारखीच तालीम देत आले, कारण त्यांतील कोणालाही मागे ठेवायला मन धजावत नाही. हे योग्य आहे का, की गुरू म्हणून मी आपले कर्तव्यच टाळते आहे?

तिसरी अडचण लहान आहे. वर्तमानकाळातील मासारू ताकाहारा हा प्रतिस्पर्ध्याचा डाव स्वतःच्या अंगावर झेलूनच तो डाव शिकतो. पहिले दोन सामने आम्ही घाईघाईत जिंकले आणि त्यांतील बरेच डाव बहुधा शिकायचे राहून गेले. त्यामुळे पुढे काही बिघडते का?

एक निरीक्षण नोंदवून थांबते. पश्चिमेतील दरोडेखोरांच्या म्होरक्याचे नाव ओ. डिओ, वर्तमानकाळातील मल्लाचे नाव ओडी ओब्राइट, यानातील संगणक ओडी-१० आणि वाड्याचा धनी ओदे इओउ. ही नावे योगायोगाने जुळलेली नाहीत, एवढे दिसते आहे. त्यामागील कारण मात्र कृपया कोणीही सांगू नये. ते आम्हाला स्वतःच शोधायचे आहे.

प्रतिसाद १

नमस्कार. मी हा खेळ दोनदा पूर्ण केला आहे, त्यामुळे स्पॉयलर, म्हणजे कथेतील रहस्ये, टाळून उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. आपण शेवटी नोंदवलेले निरीक्षण अचूक आहे, त्याविषयी यापुढे काही लिहीत नाही.

ओबोरोमारूविषयी आधी. मोजदाद फक्त माणसांची होते. वाड्यातील भुतेखेते आणि कळसूत्री बाहुल्या त्यात धरल्या जात नाहीत, त्यामुळे अनुभव त्यांच्याकडूनच गोळा करावा. ज्या मजल्यावर अशा लढाया पुन्हा पुन्हा होतात तिथे थोडा वेळ थांबून पातळी वाढवली की वरचे मजले आटोक्यात येतात. पहारेकरी दिसला की अदृश्य होण्याची युक्ती वापरून त्याला निघून जाऊ द्यावे. चुकून लढाई सुरू झालीच तर पळ काढता येतो आणि पळ काढण्यात काहीही कमीपणा नाही. प्रवेशद्वारावर विचारला जाणारा परवलीचा शब्द घंटा झाल्यावर बदलतो, म्हणून घंटा ऐकू आली की जुन्या शब्दावर विसंबू नये. शिवाय खेळ जतन करताना एकाच जागी न करता दोन-तीन निरनिराळ्या जागी करावा, कारण एक चुकीचा वार तासाभराची मेहनत वाया घालवू शकतो. शंभराची वाट मी दुसऱ्या वेळी धरली होती. तो आकडा गाठायला वाड्यातील निरपराध स्त्रियांवरही शस्त्र चालवावे लागते आणि त्यानंतर मला ते प्रकरण पुन्हा उघडावेसे वाटले नाही. आपण बारा वर्षांच्या मुलीबरोबर जी वाट निवडली आहे तीच निवडावी.

लढाईत एक गोष्ट पाहत चला. गटाच्या म्होरक्यावर खूण असते आणि तो पडला की त्याचे साथीदारही पडतात. म्हणून पाचसहा बाहुल्यांच्या गराड्यात सापडल्यावर एकेकीला पाडत न बसता खूण असलेल्या बाहुलीकडे सरकावे. लढाई संपल्यावर सगळी जखम आपोआप भरून येते, त्यामुळे औषधे पुढे लागतील म्हणून राखून ठेवण्याचे कारण नाही.

आता चीनमधील कथा. आपला प्रश्न वाचून मला माझी पहिली खेळी आठवली, कारण मीही तिघांना अगदी तोलून मापून तालीम दिली होती. सारखी तालीम दिल्याने खेळ अडत नाही, परंतु वारस एकच होणार आहे आणि तो कोण हे आपण दिलेल्या तालमीवरूनच ठरते. जो शिष्य त्या कथेतून पुढे येईल तोच नंतर आपल्याबरोबर असेल, आणि त्याच्यात जितके मुरवले असेल तितकाच तो उपयोगी पडेल. घराण्याची गायकी तीन शिष्यांना थोडी थोडी वाटून दिली तर मैफल कोणाच्याच गळ्यावर उभी राहत नाही, तसेच काहीसे हे आहे. मी दुसऱ्या वेळी युनला निवडले. तो सर्वांत बलवान आहे म्हणून नव्हे, तर खिसा कापताना पकडला गेल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जी शरम दिसली तिच्यामुळे. आपणही आकडे बाजूला ठेवून तिघांपैकी कोणाचे वागणे मनाला भिडले ते भाचीला विचारावे आणि उरलेल्या फेऱ्या त्यालाच द्याव्यात.

सातही कथा पूर्ण झाल्या की मध्ययुगातील आठवी कथा उघडते आणि तिच्यानंतर शेवटचे प्रकरण येते. तिथे नायक आपण निवडायचा असतो आणि बाकीच्यांना शोधून काढायचे असते. सगळे सापडल्याखेरीज शेवटच्या लढाईकडे वळू नये. क्यूब अनुभवाने बलवान होत नाही, त्याला लागणारे सुटे भाग वेळीच शोधून द्यावेत. याहून अधिक मी सांगणार नाही.

प्रतिसाद २

मासारूबद्दल एवढेच सांगते की, न शिकलेल्या डावांमुळे शेवट गाठणे अशक्य होत नाही, पण शेवटच्या प्रकरणात त्याच्या हाती कमी डाव राहतात. उरलेल्या सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला लवकर पाडू नये. काही डाव समोर उभे राहिल्यावरच पडतात, तर काही दूर किंवा तिरपे राहिल्यावर पडतात. त्यामुळे जागा बदलत राहावे, मार सोसावा आणि सगळे डाव मिळाल्यावरच सामना संपवावा. प्रत्येक सामन्याआधी खेळ जतन केला असेल तर हरण्याची भीती उरत नाही.

मूळ धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री भुतांच्या मजल्यावर तासभर थांबलो आणि ओबोरोमारूने एकाही माणसाला न मारता कैद्याची कोठडी उघडली. तो कैदी कोण होता हे समजल्यावर भाची खुर्चीवरून उठून उभी राहिली.

तिघांपैकी कोणाला निवडायचे, हे मी तिला विचारले. तिने बराच वेळ विचार करून हाँगचे नाव घेतले आणि कारण असे दिले की, ज्याला सगळे नुसता खादाड समजतात त्याच्यावर गुरूंनी विश्वास टाकला तर तो सर्वांत जास्त बदलेल. तिच्या म्हणण्याप्रमाणे उरलेल्या सर्व फेऱ्या आम्ही हाँगला दिल्या आहेत. आज रात्री गुरूंबरोबर डोंगर उतरायचा आहे.