ब्लाइंडची दोरी तुटलीय, कुठली आणू?

शनिवार

ए-३०४ ताई, सकाळी ९:१२
नमस्कार सगळ्यांना. सासूबाईंच्या खोलीतल्या ब्लाइंडची दोरी काल रात्री तुटली. अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक आडव्या पट्ट्यांचं ब्लाइंड आहे. उजवी बाजू खाली लोंबतेय, डावी वरच अडकलीय. परवाच त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि खिडकी पश्चिमेला. दुपारी तीननंतर खोलीत त्यांना बसवत नाही. ज्यांनी बसवून दिलं होतं ते म्हणाले, दोरी वेगळी मिळत नाही, नवीनच घ्या. पट्ट्या अगदी धड आहेत, फिरवायची दांडीही चालू आहे. नुसत्या दोरीपायी आख्खं ब्लाइंड टाकून द्यायला मन होत नाही. कोणी बदललीय का घरी?

बी-२०१, सकाळी ९:२०
कपडे वाळत घालायची बारीक नायलॉनची दोरी मिळते की. तीच ओवा.

सी-५०२ काकू, सकाळी ९:२६
नको गं, तेवढं करू नकोस. मी गेल्या वर्षी स्वयंपाकघरात तेच केलं होतं. दिसायला पांढरीशुभ्र, ओढून बघितली तर चांगली मजबूत. पण ब्लाइंड वर नेऊन हात सोडला की सर्रकन खाली. एकदा गॅसवर दूध होतं आणि खालची दांडी ओट्यावरच्या लोणच्याच्या बरणीवर आदळली. मग मी दोरी खिळ्याला गुंडाळून ठेवायला लागले. दोन-तीन महिन्यांत ती ताणली आणि एक बाजू बोटभर खाली आली. अजून तिरकंच आहे.

सचिव, सकाळी ९:३१
उद्या सकाळी १० ते १ बी विंगची टाकी साफ होणार आहे. पाणी भरून ठेवावे.

ए-३०४ ताई, सकाळी ९:३३
बापरे काकू. बरं झालं सांगितलंत. बी-६०३ काका, तुम्ही टूलरूममध्ये होतात ना? तुम्हाला काही सुचतंय का?

बी-६०३ काका, सकाळी ९:५०
काकूंची दोरी का घसरली ते आधी सांगतो, म्हणजे तुमचं काम सोपं होईल.
वरच्या पेटीतून दोरी जिथे बाहेर येते तिथे एक खटका असतो. त्यात दातेरी छोटी पिन असते. ओढलेली दोरी सोडली की पिन खाली सरकते आणि दोरीला आतल्या बाजूला दाबून धरते. आख्ख्या ब्लाइंडचं वजन त्या एका चिमट्यावर असतं. चिमट्याची फट ठरावीक जाडीच्या दोरीसाठीच ठेवलेली असते. दोरी बारीक पडली तर पिन तिला धरत नाही, काकूंचं झालं ते हेच. जाड पडली तर रुतून बसते, खाली येता येत नाही, आणि ओढाओढीत तिची साल निघते. दोन दशांश मिलिमीटरचा फरकसुद्धा हाताला कळतो. म्हणून रंग आणि किंमत नंतर बघा. पहिली जाडी.

सी-५०२ काकू, सकाळी ९:५३
मी तर खटकाच बिघडला समजत होते इतके दिवस.

ए-३०४ ताई, सकाळी ९:५५
काका, पण इतकी बारीक दोरी मोजायची कशी? घरात टेप आणि मुलाच्या कंपासातली पट्टी आहे फक्त.

बी-६०३ काका, सकाळी १०:०८
पट्टी पुरे. पेन्सिलीवर दोरीचे दहा वेढे शेजारी शेजारी घ्या, मध्ये फट नको, एकावर एक नको. ओढून ताणू नका, ताणली की बारीक होते. दहा वेढ्यांची रुंदी पट्टीवर मोजा आणि दहाने भागा. १४ मिलिमीटर आली तर दोरी १.४ मिलिमीटरची.
कुठला तुकडा मोजायचा ते महत्त्वाचं. खटक्यातून रोज जाणारा भाग चपटा आणि गुळगुळीत झालेला असतो, तो मोजलात तर फसाल. खालच्या दांडीच्या पोटात प्लॅस्टिकची बुचं असतात, ती चपट्या पेचकसाने अलगद उचका. आत दोरीची गाठ दिसेल. गाठीजवळचा भाग बसवल्या दिवसापासून झाकलेला असतो. खरी जाडी तिथे मिळेल.

ए-३०४ ताई, सकाळी १०:४१
मोजली! दोनदा १४ आणि एकदा १४.५ आलं. आणि खरंच, दांडीतली दोरी गोल आहे, वरची रिबिनीसारखी झालीय. गाठीजवळ तर पांढरी आहे अजून. मला वाटायचं आमची दोरी आधीपासूनच बदामी रंगाची.

बी-६०३ काका, सकाळी १०:४६
म्हणजे १.४ घ्या. २५ मिलिमीटरच्या अ‍ॅल्युमिनियम पट्ट्यांना बहुधा हीच लागते. ५० मिलिमीटरच्या लाकडी पट्ट्या जड, त्यांना २ किंवा त्याहून जाड असते. त्यामुळे शेजाऱ्यांकडची उरलेली आणून लावू नका.

बी-२०१, सकाळी १०:५०
काका, जाडी बरोबर असेल तर मग नायलॉन चालेल ना?

बी-६०३ काका, सकाळी ११:०२
नायलॉन ताणतं, पावसाळ्यात ओलही धरतं. आपल्या पश्चिमेच्या खिडक्यांवर दुपारभर ऊन असतं, त्याने ते कमकुवत होत जातं. सुती दोरी तर ओल पिते आणि काळे ठिपके पडतात. बाजारात चकाकणारी स्वस्त प्लॅस्टिकची दोरी मिळते, पॉलिप्रॉपिलीनची, ती उन्हात सगळ्यात आधी जाते, हातात भुसा येतो. ब्लाइंडला पॉलिएस्टरची, गोफासारखी गोल विणलेली दोरी घ्यायची. पीळ दिलेली नको, ती लोंबताना उलगडते आणि दोन दोऱ्या एकमेकींत गुंततात.
दुकानदार सांगेल ते पॉलिएस्टरच असं धरून चालू नका. बोटभर तुकडा पाण्यात चांगला चुरून बुडवा, आतली हवा निघून जाऊ दे. तरीही तरंगला तर ते पॉलिप्रॉपिलीन. पॉलिएस्टर तळाला जातं. टोक लायटरने जाळा. सुती असेल तर कागद जळाल्यासारखा वास येईल आणि राख पडेल, कृत्रिम धागा वितळून त्याचा मणी होतो. नायलॉनही बुडतं आणि वितळतं, तेवढं मात्र विचारूनच घ्यावं लागेल.

ए-३०४ ताई, सकाळी ११:१०
लांबी किती आणू? ब्लाइंड १२० सेंटिमीटर उंच आणि ९० रुंद आहे. खटका उजवीकडे.

बी-६०३ काका, सकाळी ११:२५
दोन्ही दोऱ्या बदला. एक जुनी ठेवलीत तर ती आधीच ताणलेली आणि झिजलेली, महिन्याभरात पुन्हा खोलायला लागेल.
प्रत्येक दोरीचा रस्ता बघा. खालच्या दांडीपासून वर १२०. मग पेटीत आडवी खटक्यापर्यंत. तुमची उजवी दोरी कडेपासून साधारण १५ वर असेल, डावी ७५ वर. मग ब्लाइंड पूर्ण खाली असताना हातात यायला ६० लोंबती. गाठींना १०. उजवी झाली २०५, डावी २६५. मिळून ४७०. सहा मीटर आणा, पहिल्यांदा करताना एखादं टोक फुकट जातंच.

सी-१०४, सकाळी ११:३१
या निमित्ताने विचारतो. आमच्या हॉलमध्ये रोलर ब्लाइंड आहे, म्हणजे वर नळीवर गुंडाळलं जाणारं कापडाचं, त्याची मण्यांची साखळी तुटलीय. ती पण मोजूनच आणायची का? जरा लांब आणावी म्हणतो, म्हणजे सोफ्यावर बसून हात पोचेल.

बी-६०३ काका, सकाळी ११:३६
मोजूनच. मण्याची जाडी आणि दोन मण्यांमधलं अंतर, दोन्ही. बऱ्याच ठिकाणी ४.५ मिलिमीटरचा मणी आणि ६ मिलिमीटरचं अंतर असतं, म्हणजे दहा अंतरं ६० मिलिमीटर. अंतर चुकलं तर चाकाच्या खाचांत मणी बसत नाहीत, साखळी कटकट आवाज करत उड्या मारते.

ए-७०२ ताई, सकाळी ११:४०
सी-१०४ दादा, कृपा करून लांब आणू नका. तुमचं बाळ आता धरून उभं राहायला लागलंय ना? सोफ्याजवळ साखळीची मोठी माळ लोंबती ठेवू नका. गळ्यात अडकली तर लहान मुलाला ओरडतासुद्धा येत नाही.
माझी बहीण टोरांटोला असते. तिच्या घरी जुनी ब्लाइंड्स होती, मुलगी झाल्यावर सगळी बदलली. कॅनडात १ मे २०२१ पासून नियमच आहे, हाताला लागेल अशी दोरी २२ सेंटिमीटरपेक्षा लांब चालत नाही. अमेरिकेतही अशीच मुलं गेली म्हणून नियम कडक झाले. आपल्याकडे बसवणारा माणूस काही बोलत नाही, म्हणून मी बोलतेय.

सी-१०४, सकाळी ११:४४
हे डोक्यातच आलं नव्हतं. मग काय करू?

ए-७०२ ताई, सकाळी ११:५२
साखळी मूळ होती तेवढीच घ्या. आणि खाली साखळी ताणून धरणारी क्लिप मिळते, ती भिंतीत स्क्रूने पक्की बसवा, म्हणजे माळ मोकळी लोंबतच नाही. सोफा त्या खिडकीपासून आजच सरकवा.
ए-३०४ ताई, तुझ्याकडे भाच्या येतात. ब्लाइंड वर असताना दोरी आणखी १२० सेंटिमीटर खाली येणार, म्हणजे जमिनीपासून वीतभरच उरेल. खिडकीच्या चौकटीवर दीड मीटरच्या वर एक हूक लाव आणि दोरी त्यावर आठच्या आकड्यासारखी गुंडाळून ठेव. दोन दोऱ्यांची टोकं एका गाठीत बांधू नकोस, त्याचा फास होतो. दोघींना वेगळे गोंडे लाव.

ए-३०४ ताई, दुपारी १२:०५
हूक लिहून घेतला यादीत. संध्याकाळी बोहरी आळीत जातेय, जुना तुकडा पर्समध्ये घेतलाय.

ए-३०४ ताई, संध्याकाळी ७:४८
मिळाली. पहिल्या दोन दुकानांत "हीच सगळे नेतात" म्हणून २ मिलिमीटरची काढून दिली. तिसऱ्या ठिकाणी नुसत्या दोऱ्यांचं दुकान, भिंतभर रिळं. तिथल्या आजोबांनी माझा तुकडा चिमटीत फिरवला, दाताखाली दाबला आणि मागून रीळ काढलं. पेन्सिलीवर वेढे घेतले, १४! पाण्यात टाकली, बुडाली.

रविवार

ए-३०४ ताई, सकाळी १०:१५
काका, डाव्या बाजूची जुनी दोरी शाबूत आहे. तिला नवी कशी जोडू? गाठ मारली तर खटक्यातून जात नाहीये.

बी-६०३ काका, सकाळी १०:१९
गाठ नको. खालच्या दांडीतली जुनी गाठ कापा. जुन्या आणि नव्या दोरीची टोकं लायटरने हलकी वितळवून एकमेकांना टेकवा, गरम असतानाच बोटांना थोडं पाणी लावून वळा, म्हणजे सांधा दोरीएवढाच राहील. जपून, चटका बसतो. मग वरून जुनी हळूहळू ओढा, नवी तिच्या मागोमाग येईल.

ए-३०४ ताई, सकाळी १०:५८
दोनदा तुटलं, तिसऱ्यांदा आली! आता उजवी. ही मधूनच तुटलीय, ओढायला काही नाही.

बी-६०३ काका, सकाळी ११:०३
ती हाताने ओवायला लागेल. ब्लाइंड काढून पलंगावर आडवं ठेवा. दोरी नुसती भोकांतून सरळ नेऊ नका. पट्ट्या ज्या बारीक शिडीवर बसतात, तिच्या एका पायरीच्या डावीकडून, पुढच्या पायरीच्या उजवीकडून अशी आलटून पालटून न्यायची. तशी नेली नाही तर पट्ट्या बाजूला सरकून बाहेर येतात. डाव्या बाजूकडे बघत बघत करा.

ए-३०४ ताई, दुपारी १:२०
झालं! ४८ पट्ट्या ओवल्या. विसाव्या पट्टीला एक पायरी चुकले, परत मागे आले. सासूबाई काळा चष्मा लावून शेजारी बसून मोजत होत्या, डावी, उजवी, डावी, उजवी. चूक त्यांनीच पकडली.
गाठी मारण्याआधी दांडी खिडकीच्या खालच्या चौकटीला समांतर धरली आणि मग दोन्ही दोऱ्या सारख्या केल्या. वर नेऊन सोडलं, जिथल्या तिथे थांबलं. हूक यांनी लावला, जमिनीपासून १६० सेंटिमीटरवर.

ए-३०४ ताई, दुपारी ३:३६
ऊन आलंय आणि पट्ट्या बंद आहेत. सासूबाई झोपल्यात.
काका, दीड मीटरला थोडी कमी दोरी उरलीय.

सी-५०२ काकू, दुपारी ३:४०
माझ्या स्वयंपाकघराच्या ब्लाइंडला दीड मीटर पुरायची नाही, पण तुकडा मला दे. आधी माझी जुनी दोरी शोधून मोजते, १.४ निघाली तर हाच तुकडा घेऊन त्या आजोबांकडे जाते.

सी-१०४, दुपारी ३:५२
सोफा सरकवला. ए-७०२ ताई, ती क्लिप पडद्यांच्या दुकानात मिळेल की हार्डवेअरमध्ये?

ए-७०२ ताई, दुपारी ३:५५
मी पडद्यांच्या दुकानातून आणली होती. माझ्याकडे एक जादा आहे, पाठवते खाली. तुमच्या साखळीचा मणी तिच्यात बसतो का ते बघून मगच भिंतीला भोक पाडा.