उमेदा: ओसाकाच्या भुयारी स्टेशनाचे तुमचे अनुभव

ओसाकात राहिलेल्या, शिकलेल्या किंवा नुसती गाडी बदलायला उतरलेल्या सगळ्यांसाठी हा धागा. जेआर (जपान रेल्वे)चं 'ओसाका', त्याला खेटून हांक्यू आणि हान्शिन या खासगी रेल्वेंची स्टेशनं, आणि जमिनीखाली मेट्रोची तीन स्टेशनं: उमेदा, हिगाशी-उमेदा, निशी-उमेदा. कोण कुठे हरवलं, काय खाल्लं, लिहा बिनधास्त.

सेनरीची रोजची प्रवासी
उमेदा स्टेशनातून जाणारी मेट्रोची मिदोसुजी लाईन, सहावा डबा. आठवड्याच्या कामाच्या दिवशी तो दिवसभर बायकांसाठी राखीव असतो. लाईन 1933 ची, म्हणजे फलाट आजच्या गर्दीसाठी बांधलेला नव्हेच. शेजारी मेट्रोच्याच तानिमाची लाईनसाठी खणलेला एक बोगदा वापराविना पडून होता, तो 1989 मध्ये मिदोसुजीला देऊन जागा वाढवली. तरी सकाळी साडेआठला ये आणि मग बोल!

आता पुण्यात
नवख्यांनो, तीन उमेदांमध्ये गाडी बदलताना गेटबाहेर पडावं लागतं. घाबरू नका, अर्ध्या तासात पुढच्या गेटमधून आत शिरलात तर एकच प्रवास धरतात. कागदी तिकीट असेल तर हिरव्या गेटमधूनच जा. आणि फोनवरचा नकाशा मिटून टाका. खाली तो निळा ठिपका स्वतःच हरवलेला असतो. पाट्यांवरचे एक्झिटचे नंबर बघत चाला.

आईला घेऊन गेलेला
आईचे गुडघे गेलेले, म्हणून व्हीलचेअर. गेटवर कर्मचाऱ्याने एवढंच विचारलं, कुठे उतरणार? नाम्बा. घडीची फळी काखेत मारून तो फलाटापर्यंत आला. दार उघडल्यावर फटीवर फळी टाकली, चाकं आत गेली, फळी उचलली, वाकून नमस्कार. नाम्बाला दार उघडतंय तर समोर दुसरा कर्मचारी, तशीच फळी घेऊन, नेमका आमच्याच दारापाशी! ''अरे, ह्याला कुणी सांगितलं?'' आई. डबा आणि दार कोणतं हे आधीच कळवतात. पुढचे दोन दिवस आई फोनवर सगळ्या मावश्यांना देवळांऐवजी हेच सांगत होती.

तोक्योवाला
सरकत्या जिन्यावर तोक्योत डावीकडे उभे राहतात, ओसाकात उजवीकडे. उमेदात डावीकडे उभा राहिलो की मागून येणारा काही बोलत नाही, पण त्याचा श्वास मानेवर जाणवतो.

माजी विद्यार्थी
18 जून 2018, सकाळी आठला दोन मिनिटं कमी. फलाटावर सगळ्यांच्या फोनमधून एकदम भोंगा वाजला आणि पाठोपाठ जमीन हलली. रिश्टर 6.1. कोणी पळालं नाही. खांबाला, भिंतीला धरून उभे. गाड्या बंद, म्हणून शिन-योदोगावा पुलावरून चालत घरी. पुलावर माणसांची रांगच रांग, तीही शिस्तीत. त्यानंतर दप्तरात पाण्याची बाटली कायम.

शाकाहारी
इतकं लिहिलंत, पण मिक्स ज्यूस कुणालाच आठवला नाही? हान्शिनच्या गेटाजवळचा ठेला. दूध-फळांचा घट्ट, थंडगार ग्लास, उभ्यानेच संपवायचा आणि गाडी पकडायची. ताकोयाकीच्या वासात (आत ऑक्टोपस असतो, चौकशी करून खा) आमच्यासारख्यांना तेवढाच आधार.

सेनरीची रोजची प्रवासी
@शाकाहारी, अगदी! संध्याकाळी मात्र ऑफिसवाल्यांची गर्दी असते, दुपारीच जा.