पोस्ट केलेला डेटा रिकामाच पोचतोय, पायथनसाठी कोणती लायब्ररी घेऊ?

कांदेपोहे२४: दुकानाचा साठा रोज रात्री पुरवठादाराच्या सर्व्हरवर चढवणारी छोटी स्क्रिप्ट आहे. पायथन, रिक्वेस्ट्स लायब्ररी. गेल्या आठवड्यात ते एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर गेले. तेव्हापासून उत्तर २०० (म्हणजे 'सगळं ठीक') येतं, साठा मात्र चढत नाही. रिडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्यावर वळवणं) नीट हाताळणारी लायब्ररी सुचवा. फुकट हवी आणि पायथनमधलीच.

गोफण: गो भाषा घे. मी सगळं गोमध्ये हलवलं, एकच फाइल टाकायची. १० रिडायरेक्ट झाले की आपोआप थांबतं.

कांदेपोहे२४: पायथन म्हटलंय हो.

टर्मिनलवाला: कर्ल कमांडला तोड नाही. फक्त कॅपिटल एल द्यायला विसरू नका, नाहीतर ते रिडायरेक्टच्या मागे जातच नाही. मी विसरलो होतो. तीन दिवसांचे बॅकअप उघडले तर प्रत्येक फाइल १६२ बाइटची, आत 'मूव्हड पर्मनंटली'.

जुनाजाणता: लायब्ररी बदलून काही होणार नाही. ३०१ किंवा ३०२ हा वळवण्याचा कोड आला की पोस्टचं (डेटा पाठवणं) गेट (नुसतं मागणं) करायचं ही ब्राउझरांची जुनी खोड, रिक्वेस्ट्सही तेच करते. बॉडी, म्हणजे पाठवलेला डेटा, पहिल्याच वळणावर गळते, पुढे नुसतं गेट जातं, सर्व्हर खुशाल २०० देतो. रिस्पॉन्सची हिस्टरी छापून बघा. मेथड टिकवायची तर सर्व्हरने ३०७ किंवा ३०८ द्यायला हवा.

कांदेपोहे२४: छापली. एक ३०१, आणि शेवटची रिक्वेस्ट खरंच गेट!

टर्मिनलवाला: मग कर्लला एक्स पोस्ट द्या की, पोस्टच कर म्हणून.

जुनाजाणता: अजिबात नको. नाव पोस्ट राहतं, बॉडी तरीही जात नाही.

गोफण: ३०१ ला गोमध्येही गेटच होतं म्हणा. पण वेग बघा.

सोलापुरी_चादर: ३०१ चा विषय निघालाच आहे तर, क्रोम ते कॅशमध्ये धरून बसतं. आम्ही सर्व्हरवरून काढलं, तरी साहेबांच्या लॅपटॉपवर जुनंच वळण. शिव्या मी खाल्ल्या.

माऊ_डेव्ह: एचटीटीपीएक्स लायब्ररी घ्या. सांगितल्याशिवाय रिडायरेक्टच्या मागे जात नाही, त्यामुळे घोळ लगेच दिसतो. मी तीच वापरते. आणि ते पोस्टचं गेट होतंय, तेच कारण आहे.

जुनाजाणता: तेच सांगितलं वर. अहो, पत्ताच एचटीटीपीएसचा करा, शेवटच्या स्लॅशसकट, आणि अलाउ रिडायरेक्ट्स फॉल्स, म्हणजे आपोआप वळणं बंद. सध्या पहिली रिक्वेस्ट उघड्या एचटीटीपीवरून जातेय, म्हणजे टोकनही (तुमची ओळख पटवणारी किल्ली) उघडंच.

कांदेपोहे२४: एचटीटीपीएस केलं. पण हे लोक महिन्याला पाथ बदलतात, दर वेळी मी कुठे शोधत बसू? म्हणून लूप लिहिलाय: ३०१ आलं की लोकेशन हेडर (त्यात नवा पत्ता असतो) वाचायचा, पुन्हा पोस्ट.

माऊ_डेव्ह: आणि लोकेशनमध्ये भलताच होस्ट आला तर? रिक्वेस्ट्स अशा वेळी टोकनवाला ऑथोरायझेशन हेडर काढते. तुमचा लूप टोकन देऊन मोकळा होईल.

जुनाजाणता: घरचे लूप लिहू नयेत.

कांदेपोहे२४: होस्ट तपासतोय, ५ वळणांनंतर थांबतो. काल रात्री आधी आपटला, लोकेशनमध्ये नुसता स्लॅशपासूनचा पाथ होता. पाथ मूळ पत्त्याला जोडणारं यूआरएलजॉइन लावलं, साठा चढला.

गोफण: गोमध्ये हे करावं लागलं नसतं.